रसायन विघटले की नुसते वाहून गेले? नदीचे पाणी तपासणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

मुंबईत पाणी तपासून देणाऱ्या खासगी प्रयोगशाळा पुष्कळ आहेत आणि त्यांचा बराचसा व्यवसाय गृहनिर्माण संस्थांच्या टाक्या, कूपनलिका, टँकरचे पाणी, तरणतलाव आणि उपाहारगृहे यांवर चालतो. नदीचे, नाल्याचे किंवा खाडीचे पाणी स्वखर्चाने तपासून घेणारा ग्राहक त्यांच्याकडे क्वचितच येतो. कुर्ला परिसरातील आम्ही काही रहिवासी आणि विज्ञानाचे शिक्षक अशा ग्राहकांपैकी आहोत. मिठी नदीत उतरणाऱ्या औद्योगिक रसायनांपैकी कोणती वाटेत आपोआप विघटित होतात, कोणती नुसती पातळ होतात आणि कोणती गाळात जाऊन बसतात, हे समजून घेण्यासाठी आम्ही पूर्व उपनगरातील एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची सेवा घेत आलो आहोत. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण याच पद्धतीने काम करणाऱ्या प्रयोगशाळा अनेक आहेत आणि खाली नोंदवलेले गुणदोष त्यांपैकी कोणाकडेही जाताना पडताळून पाहता येतील.

नदी स्वतःला शुद्ध करते, हे विधान आपल्याकडे सभांमध्ये वारंवार ऐकू येते आणि ते अंशतः खरे आहे. सांडपाणी मिसळल्यावर नदीतील विरघळलेला ऑक्सिजन आधी घटतो आणि पुढे हवेतून ऑक्सिजन मिसळत गेल्यावर पुन्हा वाढतो, याचे गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून १९२५ साली मांडले आणि ते आजही शिकवले जाते. मात्र ते गणित मुख्यतः मैलापाण्यासारख्या सहज कुजणाऱ्या पदार्थांसाठी आहे. रंगद्रव्ये, द्रावके, धुण्याची रसायने, तेले आणि धातूंचे क्षार यांना ते जसेच्या तसे लागू होत नाही. त्यातच मिठी ही लहान नदी आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला आणि वांद्रे-कुर्ला संकुल या मार्गाने ती माहीमच्या खाडीला मिळते, तेव्हा तिची लांबी जेमतेम १७.८ किलोमीटर भरते. पाणी सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने वाहते असे धरले, तर हे अंतर सुमारे २५ तासांत संपते. ज्या रसायनाचे पाण्यातील अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्यास लागणारा काळ, १० दिवसांचे आहे, त्याचा एवढ्या वेळात जेमतेम ७ टक्के भाग विघटित होईल आणि उरलेला ९३ टक्के खाडीत पोहोचेल. म्हणून कोणत्याही तपासणी सेवेचे मूल्यमापन करताना आमच्या दृष्टीने पहिला प्रश्न हाच होता, की ती सेवा आपल्याला काळाचा हिशेब देते का.

प्रयोगशाळेचे जे ठरावीक पॅकेज आहे, ते हा हिशेब देत नाही. त्यात सामू (पीएच), विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि सीओडी (सेंद्रिय द्रव्याला किती ऑक्सिजन लागतो हे दाखवणारे दोन आकडे), अमोनिया, नायट्रेट, क्लोराइड, तेल व ग्रीस, फिनॉलवर्गीय संयुगे आणि चार-पाच जड धातू एवढी मोजमापे येतात. नमुना घेतला त्या क्षणी पाण्यात काय किती होते, एवढेच त्यातून कळते. प्रदूषणाची तक्रार करायची असेल, तर तेवढे पुरेसे आहे. रसायनाचे पुढे काय होते, हे जाणण्यासाठी ते पुरेसे नाही. या सेवेबद्दल आमचे मत पहिल्यापासून चांगले झाले ते त्यांच्या रसायनतज्ज्ञ बाईंमुळे. दरपत्रक पाठवण्याआधीच त्यांनी आम्हाला विचारले, "तुम्हाला पाण्याची प्रत ठरवायची आहे, की त्यातल्या पदार्थाचे काय होते ते पाहायचे आहे? दोन्हींसाठी वेगळ्या बाटल्या लागतील आणि वेगळा खर्च येईल." ग्राहकाला मोठे पॅकेज विकण्याआधी त्याचा प्रश्न समजून घेणारी प्रयोगशाळा मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण अहवालाची विश्वासार्हता प्रयोगशाळेतील महागड्या यंत्रांइतकीच या अर्ध्या तासावर अवलंबून असते. त्यांच्याकडून आलेला तंत्रज्ञ एकच मोठा कॅन घेऊन आला नव्हता. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली होती आणि तिच्यात नायट्रिक आम्ल टाकून पाण्याचा सामू दोनच्या खाली आणला गेला, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहत नाहीत. सीओडी आणि फिनॉल यांच्या नमुन्यांत सल्फ्युरिक आम्ल घातले गेले, कारण तसे न केल्यास बाटलीतील जिवाणू वाटेतच फिनॉल खाऊ लागतात. सेंद्रिय संयुगांसाठी गडद तपकिरी काचेची बाटली होती, कारण उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बाटलीत काही संयुगे प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच मोडतात. बाष्पनशील द्रावकांसाठी लहान कुप्या होत्या आणि त्या पाण्याखाली धरून, आत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशा रीतीने भरल्या गेल्या. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच रसायने घालून स्थिर करण्यात आला. सगळे नमुने बर्फाच्या पेटीतून गेले. ज्या रासायनिक आणि जैविक क्रिया नदीत घडतात, त्याच बाटलीतही घडत असतात आणि हे सारे उपाय त्यांना तात्पुरते थांबवण्यासाठी असतात. ज्या प्रयोगशाळेचा माणूस पाण्याची मोकळी बाटली भरून पिशवीतून नेतो, तिच्या अहवालावरून विघटनाबद्दल काहीही अनुमान काढू नये.

एक बाब मात्र आम्हाला सांगून करून घ्यावी लागली. सहासंयुजी क्रोमियम मोजायचे असेल, तर तो नमुना धातूंच्या आम्ल घातलेल्या बाटलीतून घेऊन चालत नाही, कारण आम्लाच्या उपस्थितीत पाण्यातील सेंद्रिय द्रव्य सहासंयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये क्षपण करते आणि अहवालात विषारी रूप प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. त्यासाठी वेगळी, अल्कधर्मी द्रावण घातलेली बाटली लागते. धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात तपासणी करणाऱ्यांनी ही बाटली स्पष्टपणे मागून घ्यावी.

बीओडी आणि सीओडी या दोन आकड्यांवर बहुतेक लोक थांबतात, म्हणून त्यांच्याविषयी या सेवेने कसे काम केले ते पाहू. भारतीय पद्धतीनुसार बीओडी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून मोजला जातो. जुन्या पद्धतीत तो २० अंशांवर ५ दिवस ठेवत असत. जिवाणूंनी तेवढ्या काळात सेंद्रिय द्रव्य खाताना वापरलेला ऑक्सिजन म्हणजे बीओडी. सीओडीत तेच द्रव्य पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र आम्लात दोन तास उकळून रासायनिक रीतीने जाळले जाते. जिवाणूंना न पचणारे पदार्थही त्यात बहुतांशी मोजले जातात. त्यामुळे दोन्हींचे गुणोत्तर पाहण्यासारखे असते: बीओडी सीओडीच्या जवळ असेल तर द्रव्य सहज कुजणारे आहे आणि बीओडी फारच कमी असेल तर पाण्यात जिवाणूंना न पचणारे काही तरी भरपूर आहे. सांडपाणी नदीत सोडताना बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे, पण केवळ मर्यादा पाळली की नाही एवढेच पाहिले तर हे गुणोत्तर नजरेतून निसटते.

कमी बीओडीचा आणखी एक अर्थ असू शकतो आणि तो धोक्याचा आहे. पाण्यात तांबे, क्रोमियम किंवा एखादे जंतुनाशक असेल तर बाटलीतील जिवाणू मरतात किंवा मंदावतात, ऑक्सिजन वापरला जात नाही आणि घाण पाण्याचा बीओडी स्वच्छ पाण्यासारखा दिसतो. अशा नमुन्याची खूण अशी, की तो जितका अधिक पातळ करावा तितका हिशेबातून येणारा बीओडी वाढत जातो, कारण विषाची मात्रा उतरते आणि जिवाणू पुन्हा काम करू लागतात. या प्रयोगशाळेने पहिल्या अहवालात बीओडीचा एकच आकडा दिला होता. आम्ही विचारल्यावर वेगवेगळ्या सौम्यतांचे सर्व आकडे त्यांनी ताबडतोब पाठवले, म्हणजे ते त्यांच्या वहीत होतेच. ते अहवालात छापण्याची पद्धत नाही, एवढेच. ही पद्धत बदलली पाहिजे.

खाडीच्या बाजूच्या नमुन्यांबद्दल त्यांनी दाखवलेला प्रामाणिकपणा मात्र उल्लेखनीय आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम असते आणि डायक्रोमेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करते. त्यामुळे भरतीचे पाणी मिसळलेल्या नमुन्याचा सीओडी खोटा वाढतो. मर्क्युरिक सल्फेट घालून हा अडथळा काही प्रमाणात दूर करता येतो, पण क्लोराइड लिटरमागे २ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर नेहमीची पद्धत भरवशाची राहत नाही. माहीमकडच्या नमुन्याची विद्युतवाहकता पाहताच त्यांनी सीओडीऐवजी एकूण सेंद्रिय कार्बन मोजण्याचा सल्ला दिला आणि सीओडीचे पैसे घेतले नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वरच्या पुलावर एखादे रसायन जास्त सापडले आणि खालच्या पुलावर कमी सापडले, तर ते विघटित झाले असे म्हणता येत नाही. त्यात दुसऱ्या नाल्याचे पाणी मिसळून ते पातळ झाले असेल, ते हवेत उडून गेले असेल, गाळाला किंवा मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसले असेल, नाही तर दुसऱ्याच पदार्थात बदलले असेल. पातळ होण्याचा हिशेब तुलनेने सोपा आहे. क्लोराइड गोड्या पाण्यात ना मोडते, ना उडते, ना गाळात बसते. म्हणून भरती पोहोचत नाही त्या वरच्या टप्प्यात, वाटेत मिळणाऱ्या नाल्यांचेही नमुने घेऊन, रसायनाचे क्लोराइडशी असलेले प्रमाण पाहता येते: दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले असतील तर फक्त पाणी मिसळले, आणि रसायन क्लोराइडपेक्षा जास्त घटले असेल तर ते खरोखर पाण्यातून गेले आहे. भरतीच्या पट्ट्यात समुद्राचे क्लोराइड आल्याने हा उपाय निरुपयोगी ठरतो. हवेत जाण्याचे उदाहरण म्हणजे धातूवरचे ग्रीस काढायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन. खळाळत्या, उथळ पाण्यातून ते लवकर निघून हवेत जाते. नदीच्या दृष्टीने ते गेले, पण काठावर राहणाऱ्या माणसाच्या श्वासातून गेले असे म्हणता येत नाही.

चिकटून बसण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जुन्या इंजिन तेलात आणि काजळीत असणारी बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन संयुगे (रसायनशास्त्रात सुगंधी म्हणजे बेंझिनसारखे कडे असलेली) पाण्यात जेमतेम विरघळतात आणि कणांना चिकटतात. त्यांपैकी काही सूर्यप्रकाशात झपाट्याने मोडतात, परंतु गढूळ पाण्यात मोडण्यास समर्थ असलेले किरण वरच्या पातळ थरापलीकडे जात नाहीत आणि गाळात बसलेल्या कणापर्यंत ऊनही पोहोचत नाही आणि ऑक्सिजनही. म्हणून एकाच ठिकाणच्या पाण्याचा गाळलेला आणि न गाळलेला असे दोन नमुने, आणि जमेल तेथे तळाच्या गाळाचा एक नमुना, ही आमची प्रत्येक वेळची मागणी असते. गाळाचा नमुना या सेवेत वेगळ्या दराने येतो आणि तो महाग वाटला तरी घ्यावा.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग आहे तो त्यांनी आमच्या विनंतीवरून केलेल्या कालचाचणीचा. रसायन भूपृष्ठजलात किती काळ टिकते हे पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाणित चाचण्या आहेत आणि नव्या कीटकनाशकांना किंवा औद्योगिक रसायनांना परवानगी देताना त्यांचे निकाल मागितले जातात. तशी पूर्ण चाचणी नागरिकांच्या खिशाला झेपणारी नाही. परंतु तिचे तत्त्व साधे आहे आणि या प्रयोगशाळेने त्याच तत्त्वावर एक सुटसुटीत मांडणी करून दिली. एकाच वेळी घेतलेले नदीचे पाणी काही बाटल्यांत वाटले. एक बाटली अंधारात, एक उजेडात आणि एक आतले जिवाणू मारून अंधारात ठेवली. आणखी एका बाटलीत तळाचा काळा गाळ घालून ती हवाबंद केली. मग महिनाभर ठरावीक अंतराने प्रत्येकीतील थोडे पाणी काढून मोजले. जिवंत बाटलीत घटलेले आणि मृत बाटलीत तसेच राहिलेले रसायन जिवाणूंनी खाल्ले. केवळ उजेडातल्या बाटलीत घटलेले रसायन प्रकाशाने मोडले. मृत बाटलीतही घटलेले रसायन पाण्याशीच अभिक्रिया होऊन मोडले, उडाले किंवा काचेला चिकटले. ऑर्गनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके याच रीतीने पाण्याशी अभिक्रिया होऊन मोडतात: मॅलॅथिऑन अल्कधर्मी पाण्यात काही तासांत ते एक-दोन दिवसांत निम्मे होते आणि आम्लधर्मी पाण्यात ते महिनोन्महिने टिकू शकते. सामूचा आकडा अहवालात का असावा, याचे हे उत्तम उत्तर आहे.

फिनॉलचा निकाल आशादायक होता. जिवंत बाटलीत ते भराभर नाहीसे झाले आणि मृत बाटलीत जवळजवळ तसेच राहिले. फिनॉलची सवय झालेल्या पाण्यात ते खाणारे जिवाणू असतात. ते आधी त्याचे कॅटेकोल बनवतात, मग बेंझिनचे कडे फोडतात आणि अखेर त्याचा कार्बन डायऑक्साइड व पाणी होईपर्यंत काम पूर्ण करतात. मात्र या मार्गाला ऑक्सिजन लागतो. मुंबईचे पाणी बाराही महिने कोमट असल्याने जिवाणू वेगाने काम करतात, पण त्याच कारणाने पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना सुमारे साडेसात. तेवढाही ऑक्सिजन नदीत मिसळणारे मैलापाणीच आधी खाऊन टाकते. म्हणजे औद्योगिक फिनॉल मोडण्याची नदीची क्षमता घरगुती सांडपाणी आटोक्यात आणल्याशिवाय वापरात येत नाही. पुढच्या काळात या विषयावर पालिकेकडे मांडणी करणाऱ्या प्रत्येकाने हा धागा धरावा, असे मला मनापासून वाटते.

रंगांच्या बाबतीत हीच चाचणी आम्हाला दुसऱ्याच ठिकाणी घेऊन गेली. कापड रंगवण्यासाठी वापरले जाणारे अझो रंग उन्हात आणि धुण्यात टिकावेत म्हणूनच तयार केलेले असतात. उजेडातल्या, हवा असलेल्या बाटलीत रंग जवळजवळ तसाच राहिला. काळा गाळ घातलेल्या हवाबंद बाटलीत मात्र तो फिका होत गेला आणि शेवटी पाणी जवळपास रंगहीन दिसू लागले. गटातील काही जणांना त्यामुळे नदी रंग खाऊन टाकते असा दिलासा वाटला. रसायनतज्ज्ञ बाईंनी त्याच वेळी समजावून सांगितले, की ऑक्सिजन नसताना जिवाणू रंगाच्या रेणूतील दोन नायट्रोजन अणूंमधला बंध तोडतात, त्यामुळे रंग जातो आणि त्या जागी सुगंधी अमाइने उरतात. काही रंगांपासून निघणारी अमाइने कर्करोगास कारणीभूत ठरणारी आहेत. ती मोडायला बहुतांश वेळा ऑक्सिजनच लागतो, म्हणजे जेथे ती तयार होतात तेथेच ती मोडत नाहीत. या टप्प्यावर पाण्याचा एकूण सेंद्रिय कार्बन फारसा घटलेला नव्हता, हे त्यांनी आकड्यांत दाखवले. एखाद्या नाल्याचे लाल पाणी पुढच्या पुलावर काळसर आणि बेरंग झालेले पाहून समाधान मानणाऱ्यांनी हा भाग लक्षात ठेवावा.

अमाइनांची तपासणी या प्रयोगशाळेत होत नाही. ती त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घेतली आणि आम्हाला ते अहवालातील बारीक तळटीपेवरून कळले. मान्यतेच्या नियमांनुसार बाहेरून करून घ्यायच्या चाचणीची कल्पना ग्राहकाला आधी देऊन त्याची संमती घ्यावी लागते. त्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या दरपत्रकात अशा चाचण्यांपुढे खूण केली. तरीही आम्हाला हा या सेवेतील सर्वांत मोठा दोष वाटतो, कारण नमुना दुसरीकडे जाताना गेलेला वेळ अमाइनांसारख्या पदार्थांच्या बाबतीत निकाल बदलू शकतो.

दुसरा दोष त्यांच्या एकट्याचा नाही, तो पद्धतीचा आहे. फिनॉलवर्गीय संयुगांसाठी वापरली जाणारी रंगमापन पद्धत कड्याच्या समोरच्या बाजूस अल्किल साखळी असलेले फिनॉल पकडत नाही. नोनिलफिनॉल नेमके तसेच आहे. कापड आणि धातू धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही फेसकारी रसायनांचे नदीत अर्धवट विघटन होऊन नोनिलफिनॉल तयार होते. ते मूळ पदार्थापेक्षा अधिक विषारी असते, अधिक टिकते आणि माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. अहवालात फिनॉल आढळले नाही असे लिहिलेले असताना हे पाण्यात असू शकते. ही मर्यादा अहवालात एका ओळीत लिहिणे काहीच अवघड नाही. विघटनक्षम फेसकारी रसायने बनवता येतात, हेही येथे सांगितले पाहिजे: १९६० च्या दशकापर्यंत वापरात असलेल्या फाटे फुटलेल्या साखळीच्या रसायनांमुळे युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे थर साचत असत आणि सरळ साखळीची रसायने आल्यावर जिवाणूंना ती पचू लागली.

धातूंबद्दल थोडक्यात. धातू विघटित होत नाहीत, फक्त रूप बदलतात. सहासंयुजी क्रोमियम सेंद्रिय गाळात त्रिसंयुजी होऊन बरेच निरुपद्रवी होते, तर पारा त्याच ऑक्सिजनविरहित गाळात मिथिलपारा होऊन अधिक घातक बनतो आणि माशांत साठतो. तांबे, जस्त, शिसे आणि कॅडमियम काळ्या गाळात सल्फाइडच्या रूपात बांधलेले राहतात आणि गाळ उपसून हवेत आला की त्यांतील काही भाग पुन्हा सुटू शकतो. कार्बन-फ्लोरिन बंध असलेल्या संयुगांपैकी सर्वांत चिवट आम्ले नदीतील कोणत्याही नैसर्गिक क्रियेने दखलपात्र प्रमाणात मोडत नाहीत आणि ती या पॅकेजमध्ये समाविष्टही नाहीत. चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम करारात, ज्याला भारताने २००६ साली मान्यता दिली, पाण्यातील अर्धायुष्य दोन महिन्यांपेक्षा जास्त असणे हा चिवटपणाचा एक निकष आहे. मिठीच्या २५ तासांपुढे हा काळ ठेवून पाहावा.

अहवालाच्या मांडणीवर आमचे तीन आक्षेप होते. मोजमर्यादेखाली एवढेच लिहून ती मर्यादा किती होती हे लिहिले नव्हते, त्यामुळे शून्य आणि थोडे यांत फरक करता येत नव्हता. नमुन्याची तारीख होती, वेळ नव्हती. भरती-ओहोटीचा उल्लेख तर कोठेच नव्हता. दिवसातून दोनदा पाणी उलट फिरते अशा पट्ट्यात ओहोटीच्या शेवटी घेतलेला नमुना नदी दाखवतो आणि भरतीत घेतलेला नमुना बराचसा समुद्र दाखवतो. त्याचप्रमाणे शेवाळ असलेल्या संथ पाण्यात ऑक्सिजन दुपारी चढतो आणि पहाटे तळाला जातो, म्हणून वेळ न लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा जवळजवळ निरर्थक असतो. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी सुधारल्या. भरतीची नोंद अजून आम्हीच करून देतो.

खर्चाविषयी सांगायचे, तर मूळ पॅकेज एका नमुन्यामागे काही हजार रुपयांत बसते, बाष्पनशील संयुगे आणि गाळ यांचा आकार वेगळा असतो आणि कालचाचणी मूळ पॅकेजच्या कित्येक पट महाग पडते. तक्रार नोंदवण्यासाठी आकडे हवे असतील तर मूळ पॅकेज घ्यावे आणि त्याहून जास्त काही घेऊ नये. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी किंवा एखाद्या नाल्याचा सलग अभ्यास करण्यासाठी मात्र पाच ठिकाणचे एकेक नमुने तपासण्यापेक्षा एकाच ठिकाणच्या पाण्याची कालचाचणी करून घेणे अधिक उपयोगाचे आहे, असे मी ठामपणे सांगेन. अनेक संस्थांनी मिळून खर्च वाटून घेतल्यास ती आवाक्यात येते आणि ही प्रयोगशाळा तशी सोय करून देते.

हंगामाची निवडही महत्त्वाची आहे. पावसाळ्यात पाणी प्रचंड पातळ होते, ढगांमुळे आणि गढूळपणामुळे प्रकाशाचे काम मंदावते आणि तळाचा गाळ ढवळून वर येतो, त्यामुळे तेव्हाचे आकडे उन्हाळ्याच्या आकड्यांशी जोडून वाचू नयेत. फेब्रुवारी ते मे या काळात प्रवाह स्थिर आणि संथ असतो, म्हणून पहिली तपासणी तेव्हा करावी आणि दुसरी नोव्हेंबरच्या सुमारास. नमुना सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी, ओहोटीच्या वेळी द्यावा. गुरुवारी सुरू केलेल्या तीन दिवसांच्या बीओडीची नोंद रविवारी घ्यावी लागते आणि त्या दिवशी तेथे अनुभवी माणूस हजर असेलच असे नाही.